खेळी माझी होती

घाटात हिमकडा कोसळला
आणि गुदाउरीच्या खाली एकशे चाळीस ट्रक
एकामागे एक थिजले.
माझ्या पाठीशी चौदा टन खनिज पाणी, काचेच्या बाटल्यांतलं,
त्याच्या पाठीशी मेर्सिनची संत्री.
दोन्ही माल थंडीला भिणारे.
त्याचं नाव दुरसुन. हे त्यानं छातीवर बोट ठेवून सांगितलं.
मी मालखाझ. मीही बोट ठेवलं.
बोलणं तिथंच संपलं.

डिझेल वाचवायला एकच केबिन तापवायची ठरली,
म्हणजे ठरली असं नाही,
तो थर्मास घेऊन वर चढला आणि बसला.
पहिला तास आम्ही वायपर बघितले.

मग त्यानं डॅशबोर्डवरचं पेन उचललं.
कागद? माझ्या मालाची पावती होती.
तिची पाठ कोरी.

आधी फुली-गोळा. नऊ डाव, नऊही बरोबरीत.
दहाव्याला मी मुद्दाम चुकलो,
म्हटलं, कुणीतरी जिंकू दे.
त्यानं माझी फुली खोडली,
पेन परत हातात दिलं, भुवई उचलली:
नीट खेळ.

मग फाशी.
त्यानं खांब काढला, दोर काढला, खाली तीन रेघा.
त्याची अक्षरं मला येत नाहीत, माझी त्याला.
मी आपलं एकेक गोलमटोल अक्षर काढून दाखवी,
तो मान हलवी
आणि दोराखालच्या माणसाला हात फुटे,
मग दुसरा हात, मग पाय.
एकच पाय उरला तेव्हा त्याला दया आली,
माझी की त्या माणसाची कोण जाणे.
त्यानं थर्मासवर टिचकी मारली.
‘चाय?’ मी म्हणालो.
‘चाय!’ तो मांडीवर थाप मारून ओरडला.
रात्रभरात आम्हा दोघांना मिळून सापडलेला
एवढाच शब्द.
लंगडा माणूस तसाच राहिला.

शेवटी ठिपके.
दहा ओळी, ओळीत दहा, थोड्या वाकड्या,
कारण हीटर चालू असूनही बोटं ऐकत नव्हती.
एक रेघ त्याची, एक रेघ माझी,
चौकोन मिटवेल त्याचं अक्षर आत.
सुरुवातीला रेघा सढळ हातानं पडतात.
मग कागद भरत येतो
आणि तिसरी बाजू ओढायला कुणी धजत नाही.
मधेच तो खाली उतरे, ताडपत्रीखाली हात घालून येई.
एकदा एक संत्रं घेऊन आला, गोट्यासारखं.
हीटरवर ठेवलं.
मग बराच वेळ आम्ही दोघं
ते मऊ होतं का बघत होतो,
खेळी कुणाची, विसरून.

पहाटे बर्फ ढकलणारं यंत्र आलं.
सगळी रांग एकदम हॉर्न वाजवू लागली.
खेळी माझी होती.
कुठलीही रेघ ओढली तरी काहीतरी देऊन बसणार,
म्हणून मी पेन धरून नुसता बघत होतो,
आणि मागचा हॉर्नवर बसलेला.
दुरसुननं कागदाकडे बोट केलं, मग माझ्याकडे,
मग मनगटावर, जिथं घड्याळ नव्हतं.
नंतर, असा अर्थ मी घेतला.
संत्रं माझ्याकडेच राहिलं.

व्लादिकावकाझच्या गोदामात
चष्मा डोक्यावर सरकवलेल्या बाईनं पावती मागितली.
फुटलेल्या बाटल्या मोजल्या: दोनशे सहा.
मग पावती उलटली.
मी म्हणालो, माफ करा, वेळ जात नव्हता.
तिनं चष्मा खाली घेतला.
बराच वेळ बघितलं, बाटल्या मोजल्या त्याहून जास्त,
आणि निळ्या पेनानं
डाव्या कोपऱ्यात एक रेघ ओढली.
शिक्का मारला. कागद फाइलमध्ये.

तिथं नको होती.
त्या रेघेनं अकरा चौकोन सलग उघडे पडले,
एकामागे एक, घाटातल्या ट्रकांसारखे,
सगळे त्याचे.

दुरसुन जिंकला.
त्याच्या नंबरप्लेटवरचे पहिले दोन आकडे आठवतात,
तीन आणि तीन.
पुढचे बर्फानं झाकले होते.